‘घडले’ आणि ‘धरले’ : बर्मिंगहॅमच्या शूटआउटमधील वादाचे भाषिक स्वरूप

१

बर्मिंगहॅम येथे २०२२ साली झालेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत महिला हॉकीचा एक उपांत्य सामना ५ ऑगस्ट रोजी भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यात खेळला गेला. दहाव्या मिनिटास रेबेका ग्रेनर हिने ऑस्ट्रेलियाचा गोल केला. एकोणपन्नासाव्या मिनिटास वंदना कटारिया हिने भारतास बरोबरी साधून दिली. साठ मिनिटांचा खेळ १–१ असा संपला आणि निर्णयासाठी शूटआउटचा अवलंब करावा लागला. ऑस्ट्रेलियाच्या अँब्रोशिया मॅलोन हिने पहिला प्रयत्न केला. भारताची कर्णधार व गोलरक्षक सविता पूनिया हिने तो अडविला. परंतु हा प्रयत्न पुन्हा घ्यावा, असा निर्णय पंचांनी दिला. शिट्टी वाजली होती, खेळाडूंनी हालचाल केली होती, चेंडू अडविला गेला होता. मात्र वेळ मोजणारे घड्याळ सुरू झालेले नव्हते. दुसऱ्या खेपेस मॅलोनने गोल केला. त्यानंतर केटलिन नॉब्स व एमी लॉटन यांनीही गोल केले. भारताच्या लालरेमसियामी, नेहा गोयल आणि नवनीत कौर या तिघींचे प्रयत्न निष्फळ ठरले आणि शूटआउट ३–० असे ऑस्ट्रेलियाच्या बाजूने संपले.

या निर्णयाने प्रेक्षकांत व वृत्तपत्रांत मोठा क्षोभ उसळला. भारताच्या प्रशिक्षक यान्नेके शॉपमन यांनी सामन्यानंतर आपली नाराजी उघडपणे व्यक्त केली. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने निवेदन काढून क्षमा मागितली, परंतु निकालास हात लावला नाही. वादाचा जो भाग देशाभिमानाचा आहे तो येथे बाजूला ठेवला आहे. उरलेला भाग भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटावा असा आहे. कारण या वादात वस्तुस्थितीविषयी मतभेद मुळीच नव्हता. सविताने चेंडू अडविला हे ऑस्ट्रेलियाने नाकारले नाही. घड्याळ चालू नव्हते हे भारतानेही नाकारले नाही. तरीही एक पक्ष म्हणत होता की पहिला प्रयत्न झाला, आणि दुसऱ्याच्या लेखी तो झालाच नव्हता. सर्व तथ्ये मान्य असूनही जेव्हा वाद उरतो, तेव्हा तो बहुधा एखाद्या शब्दाच्या पोटात दडलेला असतो. प्रस्तुत ठिकाणी तो शब्द ‘झाला’ हा होय.

२

शूटआउटची रीत प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. पूर्वी हॉकीत बरोबरीचा निर्णय पेनल्टी स्ट्रोकने होत असे. तो मागे पडून आता आक्रमक व गोलरक्षक यांच्या समोरासमोरच्या लढतीची पद्धत रूढ झाली आहे. प्रत्येक संघाच्या पाच खेळाडू आळीपाळीने प्रयत्न करतात. चेंडू गोलपासून तेवीस मीटरांच्या रेषेवर, गोलच्या मध्याच्या समोर ठेवला जातो. गोलरक्षक गोलरेषेवर दोन खांबांमध्ये उभी असते. पंच शिट्टी वाजवितो, तांत्रिक मेजावरील अधिकारी घड्याळ सुरू करतो, आणि त्या क्षणापासून दोघींनाही कोणत्याही दिशेने हालता येते. आक्रमकास आठ सेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत गोल झाला तर झाला. अवधी संपला, चेंडू मैदानाबाहेर गेला किंवा आक्रमकाने नियमभंग केला तर प्रयत्न संपला. गोलरक्षकाकडून अनवधानाने नियमभंग झाल्यास तोच प्रयत्न त्याच खेळाडूने पुन्हा घ्यावयाचा असतो. तो हेतुपुरस्सर घडल्यास पेनल्टी स्ट्रोक दिला जातो.

या रीतीत चार व्यक्तींची कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. दोन खेळाडू खेळतात, एक पंच आरंभ घोषित करतो आणि एक अधिकारी त्या आरंभाची कालगणनेत नोंद करतो. खेळाडूंना शिट्टी ऐकू येते. मेजावरचे बोट कळीवर पडले की नाही, हे त्या क्षणी त्यांनी पाहावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. म्हणजे ज्या दोघींवर परिणाम व्हावयाचा, त्यांच्या ज्ञानाच्या कक्षेत केवळ शिट्टी येते. दोष मात्र तिच्यापलीकडच्या दुव्यात होता. वादाची तीव्रता येथूनच निर्माण झाली.

३

मराठीत या प्रकाराचे वर्णन करण्यास दोन क्रियापदे सहज हाताशी येतात : ‘घडणे’ आणि ‘धरणे’. मुलांच्या खेळात ‘हा धरायचा नाही’ असे वाक्य नित्य ऐकू येते. लगोरीत चेंडू नीट लागतो, लगोरी पडते, परंतु कोणी तरी आधी ‘थांबा’ म्हटलेले असते. मग तो नेम ‘धरला’ जात नाही. नेम घडला हे सगळे मान्य करतात. तो धरला जात नाही इतकेच. हिशेबात धरणे, गृहीत धरणे, जमेस धरणे या प्रयोगांतही हाच अर्थ आहे. ‘घडणे’ हे क्रियापद अकर्मक आहे, त्यास कर्ता लागत नाही. पाऊस पडावा तशी घटना घडते. ‘धरणे’ सकर्मक आहे, त्यास धरणारा लागतो. धरणारा बदलला तर धरलेले बदलू शकते. घडलेले मात्र कोणाच्या संमतीची वाट पाहत नाही.

‘झाले’ या क्रियापदात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘भांडण झाले’ यात ते ‘घडले’ या अर्थी आहे. ‘मतदान झाले’, ‘लग्न झाले’, ‘गोल झाला’ यांत मात्र घडण्याबरोबर धरले जाणेही अभिप्रेत आहे. मतपेटीत कागद टाकणे म्हणजे मतदान नव्हे. तो कागद ग्राह्य ठरावा लागतो. ‘प्रयत्न झाला’ असे म्हणणारा भारतीय पक्ष ‘झाला’ हा शब्द पहिल्या अर्थाने वापरीत होता आणि त्यातून दुसऱ्या अर्थाचा हक्क सांगत होता. ‘प्रयत्न झालाच नाही’ असे म्हणणारा पक्ष दुसऱ्या अर्थाने बोलत होता. परंतु ऐकणाऱ्यास ते पहिल्या अर्थाचे वाटत होते आणि म्हणून डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीचा अपलाप केल्यासारखे भासत होते. अशा वादात दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही परस्परांस खोटे समजतात.

हा भेद मराठीपुरता नाही. नुसती वस्तुस्थिती आणि संस्थेच्या चौकटीत अस्तित्वात येणारी वस्तुस्थिती यांतील अंतर इंग्रज तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँस्कम यांनी १९५८ मध्ये एका छोट्या निबंधात दाखविले. जॉन सर्ल यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात त्यास नियमांच्या वर्गीकरणाची जोड दिली. काही नियम आधीच चालत असलेल्या व्यवहारास वळण लावतात. जेवताना कसे बसावे हा तसा नियम होय. तो मोडला तरी जेवण होतेच. दुसऱ्या प्रकारचे नियम व्यवहारास जन्म देतात. बुद्धिबळाचे नियम वगळले तर उरते ती लाकडी सोंगट्यांची हालचाल. पहिल्यास नियंत्रक आणि दुसऱ्यास प्रस्थापक नियम म्हणता येईल. ‘अमुक गोष्ट तमुक म्हणून धरावी’ हे प्रस्थापक नियमाचे मूळ रूप होय. बर्मिंगहॅमचा प्रश्न या परिभाषेत मांडावयाचा तर असा : घड्याळ सुरू असणे हा शूटआउटचा प्रस्थापक नियम आहे की नियंत्रक?

४

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी शिट्टीचा विचार करावा लागतो. पंचाची शिट्टी हा केवळ ध्वनी नव्हे. ती एक उक्ती आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखविले की काही उक्ती कशाचे वर्णन करीत नाहीत, त्या उच्चारणे हीच एक कृती असते. ‘मी शपथ घेतो’ म्हणणे म्हणजे शपथ घेणे. अशा उक्ती सत्य वा असत्य नसतात. त्या साधतात किंवा फसतात. ऑस्टिन यांनी फसण्याचे प्रकार लावून दिले आहेत. मान्य रीतच नसेल किंवा व्यक्ती अथवा प्रसंग अयोग्य असेल तर कृती घडतच नाही. रीत आहे, व्यक्तीही योग्य आहे, पण ती रीत चुकीची किंवा अपुरी पार पाडली तरीही कृती घडत नाही. तिसऱ्या प्रकारात मात्र कृती घडते, पण तिच्यामागे निष्ठा नसते. खोटे वचन हे वचनच असते. पंचाचे निर्णय हे या वर्गातील उक्तींचे एक नमुनेदार उदाहरण म्हणून ऑस्टिन यांच्या विवेचनात येते.

मराठी वाचकास हे समजण्यासाठी परदेशी ग्रंथाची फारशी गरज नाही. खो-खोमध्ये पाठलाग करणारा खेळाडू बसलेल्या गड्याच्या पाठीस मागून हात लावतो आणि मोठ्याने ‘खो’ म्हणतो. स्पर्श झाला पण शब्द उच्चारला नाही, किंवा शब्द उच्चारला पण स्पर्श झाला नाही, तर खो मिळालाच नाही. गड्याने उठता कामा नये. कबड्डीतही चढाई करणाऱ्याने प्रतिपक्षाच्या अंगणात पाऊल टाकण्यापूर्वीच ‘कबड्डी’चा उच्चार सुरू केला पाहिजे. तो उशिरा सुरू केला तर त्यास परत पाठविले जाते आणि प्रतिपक्षास एक गुण व चढाईची संधी मिळते. या दोन्ही खेळांत शब्द ही खेळाची सजावट नाही, तो खेळाचा घटक आहे. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. उच्चार चुकविणारा स्वतः खेळाडूच असतो, म्हणून दोषाचे फळ दोष करणाऱ्यासच मिळते. उक्ती कोणाची आणि तिच्या फसण्याचा भार कोणावर, यांचा मेळ तेथे आपोआप बसतो.

बर्मिंगहॅम येथे तो बसला नाही. उक्ती पंचाची होती आणि तिला पूर्णत्व देण्याचे काम मेजावरच्या अधिकाऱ्याचे होते. ऑस्टिन यांच्या वर्गीकरणात हा दुसरा प्रकार होतो : योग्य व्यक्तीने, योग्य प्रसंगी, मान्य रीत आरंभिली, परंतु तिचा एक दुवा निसटला. त्यांच्या मते अशा वेळी कृती रद्द समजावी. पंचांचा निर्णय या सिद्धान्ताशी जुळतो आणि तो मनमानी नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तथापि ऑस्टिन यांचा सिद्धान्त एका प्रश्नाचे उत्तर देत नाही. रीतीचा कोणता दुवा निसटल्यास ती अपुरी समजावी, आणि कोणता निसटला तरी चालेल?

५

या प्रश्नाचा विचार भारतीय धर्मशास्त्राच्या परंपरेत व नंतर न्यायालयांत बारकाईने झालेला आहे. घडून गेलेली वस्तू वचनांच्या बळावर अन्यथा करता येत नाही, या आशयाचे तत्त्व दायभागकार जीमूतवाहनाने मांडले. पुढे इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी हिंदू कायद्यात त्याचा उपयोग केला, पण त्यास मर्यादाही घातली. शास्त्रवचन केवळ मार्गदर्शक असेल तर त्याविरुद्ध केलेली कृतीही वैध राहते. ते अनिवार्य असेल तर ती कृती मुळातच पोकळ ठरते. पालकाच्या संमतीवाचून, परंतु आवश्यक संस्कारांसह लागलेले लग्न या न्यायाने वैध मानले गेले. संमती असावी हे वचन मार्गदर्शक होते. संस्कार अनिवार्य होते.

लग्नाच्याच विधीतून कालगणनेचे एक उदाहरण देता येईल. मुहूर्ताची घटका मोजण्यासाठी पूर्वी पाण्यात घटिकापात्र सोडीत. बुडाशी बारीक छिद्र असलेले ते पात्र भरून बुडाले म्हणजे घटका भरली. मुहूर्ताची वेळ येताच ‘सावधान’चा अखेरचा उच्चार होऊन अंतरपाट दूर होई. समजा, पात्राकडे पाहणाऱ्याची डुलकी लागली आणि अंतरपाट वेळेआधीच दूर झाला. मुहूर्त चुकला म्हणून वडीलधारे हळहळतील, शांतीही करतील. परंतु माळा काढून वधूवरांस पुन्हा समोरासमोर उभे करण्याचा आग्रह सहसा कोणी धरणार नाही. पात्र वेळ दाखविते, लग्न लावीत नाही, अशी त्यामागे समज असते.

मग शूटआउटमधील घड्याळ केवळ वेळ दाखविते की प्रयत्नास अस्तित्वही देते? दोन्ही मतांच्या बाजूने बोलता येते. रीतीनुसार शिट्टीने अवधीस आरंभ होतो, अधिकारी त्या आरंभानंतर घड्याळ चालू करतो. या क्रमाचा सरळ अर्थ असा की अवधी शिट्टीने सुरू होतो आणि घड्याळ त्याची नोंद ठेवते. नोंद राहिली नाही म्हणून अवधी सुरूच झाला नाही, असे म्हणणे म्हणजे जन्मनोंद झाली नाही म्हणून मूल जन्मलेच नाही म्हणण्यासारखे आहे. उलट पक्षाचे म्हणणेही हलके नाही. आठ सेकंदांची मर्यादा हा या लढतीचा प्राण आहे. ती मर्यादा काढून टाकली तर आक्रमक व गोलरक्षक यांच्यातील खेळ निराळाच होतो. ज्या प्रयत्नास मोजलेली मर्यादा नव्हती, तो शूटआउटचा प्रयत्न म्हणता येणार नाही. आक्रमक खेळाडूही उरलेल्या वेळाचा अंदाज घेत खेळत असते आणि बंद घड्याळाने तिची दिशाभूल होऊ शकते.

येथे नियमाच्या प्रयोजनाकडे वळावे लागते. आठ सेकंदांची मर्यादा कोणाच्या संरक्षणासाठी आहे? ती मुख्यतः गोलरक्षकासाठी आहे, हे उघड आहे. मर्यादा नसती तर आक्रमकाने गोलरक्षकास हवे तितके झुलवून अखेर गोल केला असता. वेळ संपणे ही गोलरक्षकाच्या विजयाची एक वाट आहे. आक्रमकाच्या विजयाची नव्हे. घड्याळ बंद असताना गोल झाला असता तर गोलरक्षकास रास्त तक्रार करता आली असती की तिचे कवच काढून घेण्यात आले होते. परंतु कवच नसतानाही तिने चेंडू अडविला. मग त्या कवचाच्या अभावाचे कारण दाखवून तिचे यश काढून घेणे हे नियमाच्या प्रयोजनाच्या उलट जाते. एखादी अट ज्या पक्षाच्या हितासाठी घातलेली असते, त्या पक्षास ती सोडून देता येते, हे करारांच्या व्यवहारातही मान्य असलेले तत्त्व आहे. सविताला तसे विचारण्याची सोय नियमात नव्हती. भारतीय पक्षाच्या तक्रारीत सर्वांत बळकट अंश कोणता असेल तर हाच.

६

‘पुन्हा घ्या’ या आज्ञेमागील गृहीतही तपासून पाहणे आवश्यक आहे. पुनरावृत्तीने मूळ स्थिती परत येते, असे ते गृहीत आहे. नियमाच्या वहीत ती येते; खेळाडूंच्या मनात येत नाही. पहिल्या खेपेस आक्रमकाने गोलरक्षकाची चाल पाहिलेली असते, गोलरक्षकाने आक्रमकाची. एकीस अपयशाची दुरुस्ती करण्याची संधी मिळते, दुसरीस मिळविलेले यश पुन्हा मिळवावे लागते. एकच वाक्य दुसऱ्यांदा उच्चारले तर त्याचा अर्थ पहिल्या उच्चाराच्या छायेत बदलतो, हे भाषेच्या अभ्यासकास नवे नाही.

इतर खेळांनी या अडचणीस निरनिराळी उत्तरे दिली आहेत. फुटबॉलमध्ये पेनल्टीच्या वेळी गोलरक्षकाने नियमापूर्वी रेषा सोडली आणि चेंडू अडविला, तर पेनल्टी पुन्हा घेतली जाते. पण तशाही स्थितीत चेंडू गोलमध्ये गेला असेल तर गोल कायम राहतो. म्हणजे पुनरावृत्तीचा लाभ ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच मिळतो. क्रिकेटमध्ये फलंदाज सज्ज नसताना चेंडू टाकला गेला आणि त्याने खेळण्याचा प्रयत्नच केला नाही, तर पंच तो चेंडू मृत ठरवू शकतो. परंतु फलंदाजाने बॅट फिरविली असेल तर त्यास ही सबब मिळत नाही. खेळण्यात भाग घेतला की आरंभाचा दोष मिटला, असे तेथील तत्त्व आहे. बर्मिंगहॅम येथे दोन्ही खेळाडूंनी शिट्टीवर विश्वास ठेवून पूर्णपणे भाग घेतला होता.

घड्याळाच्या दोषाचे याहून विपरीत उदाहरण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये घडले. महिलांच्या एपे तलवारबाजीच्या उपांत्य लढतीत दक्षिण कोरियाची शिन आ-लाम आणि जर्मनीची ब्रिटा हाइडमान यांच्यात ५–५ अशी बरोबरी होती. बरोबरी टिकली असती तर विजय शिनचा ठरावयाचा होता. अखेरचा एक सेकंद उरला असताना घड्याळाच्या गोंधळामुळे तो सेकंद लांबला आणि हाइडमानने निर्णायक स्पर्श केला. तो स्पर्श धरला गेला. कोरियाचे अपील फेटाळले गेले. शिन बराच वेळ पट्ट्यावरच बसून राहिली. एका ठिकाणी घड्याळ सदोष असताना घडलेली कृती धरली गेली, दुसऱ्या ठिकाणी धरली गेली नाही, आणि दोन्हीकडे निर्णय नियमांच्या आधारेच झाला. यावरून एवढे निश्चित होते की घड्याळाचे स्थान निसर्गाने ठरवून दिलेले नाही. ते त्या त्या खेळाच्या नियमकारांनी ठरवावयाचे असते आणि स्पष्ट शब्दांत ठरवावयाचे असते.

नियमाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘घड्याळ नाही तर प्रयत्न नाही’ हा नियम निकालाकडे पाहत नाही. मॅलोनने पहिल्या खेपेस गोल केला असता तरी तो रद्द व्हावयास हवा होता. आंधळेपणा हा न्यायाचा एक गुण मानला जातो. मात्र हा आंधळेपणा लोकांस तेव्हाच पटतो, जेव्हा दोषाची घोषणा निकालापूर्वी होते. चेंडू अडविला जाण्याच्या आत शिट्टी वाजवून खेळ थांबविला असता तर ‘हा धरायचा नाही’ हे शब्द कोणासही खटकले नसते. निकाल दिसल्यावर तेच शब्द उच्चारले की, बोलणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी, ते निकालाविषयी आहेत असे वाटते. उक्तीचा अर्थ तिच्या शब्दांइतकाच तिच्या वेळेवर अवलंबून असतो.

७

आता महासंघाच्या निवेदनाकडे वळावे. त्याचा आशय थोडक्यात असा होता : घड्याळ तयार नसताना शूटआउट चुकून लवकर सुरू झाले, त्याबद्दल क्षमा असावी, अशा वेळी ठरलेली रीत म्हणजे प्रयत्न पुन्हा घेणे, आणि तसे करण्यात आले, पुन्हा असे होऊ नये म्हणून या प्रसंगाची कसून तपासणी केली जाईल.

या निवेदनाची रचना उद्बोधक आहे. शूटआउट ‘सुरू झाले’. ते कोणी सुरू केले हे सांगितलेले नाही. ‘सुरू होणे’, ‘सुरू करणे’ आणि ‘सुरू करण्यात येणे’ या तीन रचनांपैकी पहिली निवडली की कर्ता वाक्यातून नाहीसा होतो आणि मानवी चूक नैसर्गिक घटनेच्या रांगेत जाऊन बसते. तरीही ‘चुकून’ हे क्रियाविशेषण मागे राहिले आहे. आणि चुकणारा नसल्यास चूक संभवत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ‘लवकर सुरू झाले’ असे म्हणण्यात ते सुरू झाले हे गृहीत आहे. परंतु प्रयत्न पुन्हा घेण्याचे समर्थन, पहिला प्रयत्न सुरूच झाला नव्हता, यावर उभे आहे. निवेदनाचे पहिले वाक्य घडण्याच्या भाषेत आहे, दुसरे धरण्याच्या भाषेत. मैदानावरील वाद ज्या फटीतून निर्माण झाला, तीच फट खुलाशाच्या शब्दांतही उघडी राहिली.

क्षमायाचना आणि निकालाची अढळता या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, असा प्रश्न अनेकांनी केला. त्याचे उत्तर विधितत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांच्या १९६१ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ या ग्रंथातील एका विवेचनात मिळते. गुणलेखकाचा निर्णय अंतिम असणे आणि तो अचूक असणे या भिन्न गोष्टी आहेत, असे हार्ट दाखवितात. निर्णय अंतिम असला तरी तो चुकला असे म्हणण्यास जागा उरते, कारण गुण कसे द्यावयाचे याचा नियम गुणलेखकाच्या बाहेर उभा असतो. ‘गुणलेखक म्हणेल तोच गुण’ एवढाच नियम असेल तर तो खेळ क्रिकेट किंवा हॉकी राहत नाही. तो गुणलेखकाच्या लहरीचा खेळ होतो. महासंघाने क्षमा मागितली याचा अर्थ, आपला खेळ लहरीचा नाही, हे त्याने मान्य केले. निकाल बदलला नाही याचा अर्थ, प्रत्येक चूक उघड होताच खेळ मागे फिरविला तर खेळच उरणार नाही, हेही त्याने मान्य केले. चीड समजण्याजोगी असली तरी ही दोन्ही मान्यता योग्य होत्या.

८

या सामन्याचा निकाल त्या एका निर्णयाने ठरला, असे ठामपणे म्हणता येत नाही. सविताचा पहिला बचाव धरला गेला असता तरी तीन फेऱ्यांनंतर ऑस्ट्रेलियाची आघाडी २–० अशी राहिली असती. फरक एवढाच की ३–० या स्थितीत भारतास उरलेल्या दोन प्रयत्नांत बरोबरी गाठणे अशक्य झाले आणि शूटआउट तेथेच थांबले. २–० या स्थितीत ते शक्य राहिले असते. पण हा हिशेबही अपुरा आहे, कारण पहिला बचाव मोडीत निघाल्यानंतर पुढच्या तिघी कोणत्या मनःस्थितीत चेंडूपाशी गेल्या, हे अंकांत उतरत नाही. जे घडले नाही त्याचा निकाल कोणास देता येत नाही. म्हणून तक्रारीचा आधार निकालात न शोधता रीतीत शोधणे अधिक सयुक्तिक होय.

रीतीच्या दृष्टीने तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, आरंभाची उक्ती अखेरची असावी : मेजावरून ‘घड्याळ तयार’ अशी स्पष्ट खूण मिळाल्यावाचून शिट्टी वाजूच नये. खो-खोत स्पर्श आणि शब्द एकाच व्यक्तीकडे असतात. जेथे ते दोन व्यक्तींत वाटले गेले आहेत तेथे त्यांच्यातील दुवाही उच्चारित असला पाहिजे. दुसरी, दोष आढळल्यास तो घोषित करण्याची वेळ निकालापूर्वीची असावी, आणि ती टळल्यास दोषाचे फळ काय हे नियमात आधीच लिहिलेले असावे. तिसरी, जी अट एका पक्षाच्या रक्षणासाठी आहे ती मोडली असता, पुनरावृत्ती मागावी की झालेले स्वीकारावे, याची निवड त्या पक्षाकडे द्यावी. यांपैकी पहिली सुधारणा यंत्राने वा शिस्तीने साधेल. उरलेल्या दोन नियमांच्या शब्दांतच कराव्या लागतील.

दोन दिवसांनी, ७ ऑगस्ट रोजी, कांस्यपदकाच्या सामन्यात भारत व न्यूझीलंड यांची पुन्हा १–१ अशी बरोबरी झाली आणि निर्णय पुन्हा शूटआउटवर गेला. तो भारताने २–१ असा जिंकला. राष्ट्रकुल स्पर्धांत २००६ च्या रौप्यपदकानंतर भारतीय महिलांना मिळालेले हे पहिले पदक. तेथेही गोलरेषेवर सविताच होती. तेवीस मीटरांची रेषा तीच, आठ सेकंदही तेच. या वेळी मात्र जे घडले तेच धरले गेले.